तांबे, प्राणवायू आणि डॉ. कमलाबाई सोहोनी

भारतात ज्या स्त्रियांनी विज्ञानाच्या प्रयोगशाळांचे बंद दरवाजे आपल्या निग्रहाने उघडून घेतले, त्यांत डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे नाव निघाले की बहुधा एकच कथा सांगितली जाते. एका मोठ्या शास्त्रज्ञाने त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला व त्यांनी तो मिळविला, ही ती कथा होय. ती खरी आहे आणि आम्हीही ती सांगणार आहोत. परंतु त्या दरवाजातून आत गेल्यावर कमलाबाईंनी तेथे काय केले, हे फारसे कोणी सांगत नाही. दरवाजाचीच कथा सांगत बसावे आणि घरातील माणसाची विचारपूसही करू नये, असा हा प्रकार झाला. यास्तव त्यांच्या कार्याकडे थोडे अधिक लक्ष देण्याचे आम्ही योजिले आहे.

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. १९११ सालच्या जून महिन्याची १८ तारीख ही त्यांची जन्मतिथी मानली जाते, जन्मस्थान इंदूर. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून दोघांचेही शिक्षण बंगलोर येथे जमशेटजी टाटांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले होते. त्यामुळे रसायनशास्त्र ही या मुलीला पुस्तकात प्रथम भेटलेली वस्तू नव्हती. ती घरातल्या बोलण्यातली वस्तू होती. थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत यांना तर मराठी वाचक चांगलेच ओळखतात. लोकसंस्कृतीच्या व्यासंगी अभ्यासक आणि १९७५ साली कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा त्या याच. थोरलीने रानावनांतील लोकांच्या कथा, गीते व चालीरीती यांचा अभ्यास केला आणि पुढे धाकटीने तशाच गोरगरिबांच्या अन्नाचा अभ्यास केला. एकाच घरातील दोन मुली इतक्या भिन्न वाटांनी जाऊन पुन्हा एकाच माणसाच्या दारी पोहोचल्या, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्रातील पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. गुणानुक्रमे त्यांचे नाव सर्वांत वर होते. साहजिकच वडील व चुलते जेथे शिकले तेथेच आपण संशोधन करावे, या विचाराने त्यांनी बंगलोरला अर्ज पाठविला. संस्थेचे संचालकपद नुकतेच सर चंद्रशेखर व्यंकट रमण यांच्याकडे आले होते. प्रकाशाच्या विकिरणासंबंधीच्या शोधाबद्दल १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे, साऱ्या देशाला ललामभूत झालेले हे शास्त्रज्ञ. त्यांनी अर्ज फेटाळला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून. वडिलांनी व चुलत्यांनी रदबदली करून पाहिली. तिचाही उपयोग झाला नाही.

तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा होता. कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या, रमण यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण त्यांनी विचारले. प्रवेश मिळाल्यावाचून आपण येथून हलणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. अखेर रमण नमले. मात्र अटी घालून नमले. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. इतरांचे चित्त स्थिर राखण्याची जबाबदारी या मुलीवर कशी येते, हे आम्हांस आजही उमगत नाही. कमलाबाईंनी या अटी मान्य केल्या, पण त्यांतील अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्या प्रसंगाचे शल्य त्यांनी लपविले नाही. रमण यांचे शास्त्रज्ञ म्हणून मोठेपण मान्य करूनही त्यांच्या या वागण्याला लहानच म्हटले पाहिजे, हे त्यांचे मत अखेरपर्यंत कायम होते. आम्हांलाही ते योग्य वाटते.

बंगलोरला श्री. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक. ते शिस्तीला कठोर, परंतु होतकरू विद्यार्थ्याला हातचे काही राखून न ठेवता शिकविणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. हा विषय त्यांनी उगाच निवडला नव्हता. ज्या देशातील असंख्य माणसांना मांस परवडत नाही वा चालत नाही, त्या देशाची प्रथिनांची गरज डाळच भागविते. एक वर्षाने रमण यांचे समाधान झाले आणि कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या. १९३६ साली त्यांनी एम्. एस्सी. पदवी विशेष गुणवत्तेसह मिळविली. पुढे त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३७ साली मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर कमलाबाई इंग्लंडला केंब्रिज येथे गेल्या व न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या.

केंब्रिजमधील त्यांचे कार्य समजण्यासाठी चरित्राचा धागा क्षणभर बाजूस ठेवून स्वयंपाकघरात डोकावले पाहिजे. बटाटा किंवा वांगे चिरून तसेच ठेवले तर थोड्याच वेळात त्याच्या फोडी काळपट पडतात. गृहिणी म्हणून फोडी पाण्यात टाकते. पाण्यात त्या काळवंडत नाहीत. उकडलेला बटाटा चिरला तर तोही काळा पडत नाही. हे असे का होते? पाण्याने फोडींना हवा लागू दिली नाही, हे पहिल्या गोष्टीचे उत्तर. म्हणजे काळे पडण्यास हवेतील प्राणवायू लागतो. परंतु उकडलेल्या बटाट्याला हवा लागूनही तो पांढरा राहतो, त्या अर्थी नुसता प्राणवायू पुरेसा नाही. उष्णतेने नष्ट होणारा आणखी कोणीतरी मदतनीस कच्च्या बटाट्यात असला पाहिजे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ज्यास विकर म्हणतात, तोच हा मदतनीस. आणि या विकराच्या अंतर्भागी, जेथे खरे काम चालते तेथे, तांबे असते!

तांब्याचा येथे काय संबंध, असे विद्यार्थी विचारतील. तांब्याच्या कांबी व तारा तयार होतात हे आपल्या सिल्वासातील मुलांना निराळे सांगावयास नको. पण बटाट्यात तांबे? अत्यल्प प्रमाणात, परंतु निश्चित असते. प्राणवायू हा वस्तुतः मोठा आळशी वायू आहे. लाकूड, कापड, धान्य ही सर्व त्याच्यात बुडालेलीच असतात. तरी काडी ओढल्याशिवाय ती पेटत नाहीत. नेहमीच्या उष्णतामानाला त्याला कामास लावावयाचे तर मध्यस्थ हवा. तांब्याचा अणू एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या स्थितीत राहू शकतो आणि दोन गमावलेल्या स्थितीतही राहू शकतो. त्यामुळे तो एका हाताने पदार्थापासून इलेक्ट्रॉन घेतो व दुसऱ्या हाताने तो प्राणवायूला देतो. व्यवहार पुरा झाला की तो पुन्हा पहिल्यासारखा मोकळा. लग्न जुळविणारा मध्यस्थ ज्याप्रमाणे एका घरचे कार्य उरकून दुसऱ्या घरी जातो, तद्वत तांब्याचा एकच कण असंख्य वेळा हे काम करू शकतो. अशा मध्यस्थास रसायनशास्त्रात उत्प्रेरक म्हणतात व या क्रियेस ऑक्सिडीकरण. खेकड्याच्या व कोळंबीच्या रक्तातही प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोह करीत नाही, तांबे करते. म्हणून ते रक्त प्राणवायू मिळताच निळसर दिसते. अलीकडे रसायनशास्त्रज्ञांनी हीच युक्ती उचलली आहे. पूर्वी ज्या ऑक्सिडीकरणासाठी क्रोमियमची विषारी संयुगे वापरावी लागत, त्यांपैकी काही आता तांब्याचे क्षार व हवेतील प्राणवायू यांच्या साह्याने करता येतात आणि मागे उरते ते बहुधा केवळ पाणी. वापीची रासायनिक वसाहत आपल्यापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे या गोष्टीचे महत्त्व आपणांस अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

आता पुन्हा केंब्रिजकडे वळू. तेथील जीवरसायन प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांविषयीच्या कार्याबद्दल १९२९ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. प्रयोगशाळेत जागा अपुरी होती. डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपले टेबल दिवसा कमलाबाईंना वापरण्यास दिले व स्वतः रात्री काम करण्याचे पत्करले, असे सांगतात. बंगलोरच्या अटींनंतर हा प्रसंग वाचला की मनाला किती बरे वाटते! रिक्टर यांच्यासह त्यांनी प्राण्यांच्या शरीरात फिनॉल वर्गातील द्रव्यांचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकरांचा व ॲड्रिनॅलिनचा अभ्यास केला. तो निबंध १९३८ साली प्रसिद्ध झाला. बटाट्याच्या फोडी काळ्या करणारे विकर याच फिनॉलच्या कुळातील द्रव्यांवर काम करते, हे येथे ध्यानात घ्यावे.

रिक्टर अन्यत्र गेल्यावर कमलाबाई डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. हिल यांचा विषय वनस्पती हा होता. त्या काळी एक मोठा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे होता. प्राणी श्वास घेतात तेव्हा त्यांच्या पेशींत अन्नाचे ज्वलन मंद गतीने, ज्वाळेवाचून होते. सायटोक्रोम नावाची रंगद्रव्ये त्यात भाग घेतात, हे केंब्रिजमधीलच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली दाखविले होते. परंतु वनस्पतींचे काय? आंब्याचे झाड आणि आंबा खाणारा मुलगा यांचे श्वसन एकाच पद्धतीचे आहे की निराळ्या?

कमलाबाईंनी बटाटा हाती घेतला. आमच्या स्वयंपाकघरातील हा दीन कंद त्यांच्या प्रयोगशाळेत मानाच्या पाटावर बसला. बटाट्यात व इतर वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम ‘सी’ असते आणि त्याचे ऑक्सिडीकरण करणारे सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकरही असते, असे त्यांच्या संशोधनातून दिसून आले. सपुष्प वनस्पतींतील या विकराविषयी हिल व भागवत या दोघांच्या नावाने एक टिपण १९३९ साली ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या विकराची थोरवी थोडक्यात सांगणे कठीण आहे. आपण श्वासावाटे जो प्राणवायू घेतो, त्यातील बहुतेक सर्व अखेर याच विकराच्या हाती पडतो. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन ते प्राणवायूला देते आणि प्राणवायूचे पाणी होते. त्यातून मुक्त झालेल्या शक्तीवर आपले हृदय धडधडते व आपला मेंदू विचार करतो. सायनाइडच्या विषाने माणूस झटकन मरतो, कारण ते विष नेमके याच विकराला बांधून टाकते. या विकरात लोहाच्या जोडीला तांबे असते, हे पुढील संशोधनाने निःसंशय सिद्ध झाले. बटाटा काळा करणारे तांबे व आपणांस जगविणारे तांबे, एकाच प्राणवायूला कामास लावणारे हे दोन मध्यस्थ! कमलाबाईंनी आपल्या तारुण्यात या दोन्ही कुळांतील विकरांचा पाठपुरावा केला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात ठळक अक्षरांनी लिहिली गेली पाहिजे.

अल्पावधीतच त्यांनी प्रबंध पुरा केला. तो सुमारे चाळीस टंकलिखित पानांचा होता, असे नमूद आहे. १९३९ साली केंब्रिजने त्यांना पीएच्. डी. दिली. ब्रिटिश विद्यापीठाची विज्ञानातील ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या केंब्रिजने त्यांना टेबल दिले, त्या केंब्रिजनेही विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व व पूर्ण पदवीचे हक्क स्त्रियांना १९४८ पर्यंत दिले नव्हते. कोते मन ही काही एका देशाची मिरास नव्हे.

परदेशात राहून कीर्ती मिळविण्याची संधी असताना कमलाबाई १९३९ सालीच स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून काही काळ काम केल्यावर त्या निलगिरीतील कुन्नूर येथील आहार संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक झाल्या. तेथे त्यांचा विषय जीवनसत्त्वे हा होता.

जीवनसत्त्वांच्या या विषयातही तांबे व प्राणवायू भेटतातच. आवळा, लिंबू, पेरू व पालेभाज्या यांतील ‘क’ जीवनसत्त्व प्राणवायूने नष्ट होते आणि तांब्याचा लवलेश जरी असला तरी हा नाश झपाट्याने होतो. बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यात पालेभाजी शिजविली तर हे जीवनसत्त्व पाहता पाहता नाहीसे होते. आमच्या आज्यापणज्या आंबट पदार्थ कळकतो म्हणून भांड्यांना कल्हई लावून घेत. कथिलाच्या त्या पातळ थराने पदार्थ कळकण्यापासून तर वाचेच, शिवाय जीवनसत्त्वाचेही रक्षण होई. त्याचे नाव मात्र त्यांस ठाऊक नव्हते. भाज्या चिरून फार वेळ उघड्या ठेवू नयेत, हे गृहशास्त्राच्या तासाला सांगतात, त्याचेही एक कारण हेच. चिरताना पेशी फुटतात आणि भाजीतीलच ताम्रयुक्त विकरे त्या जीवनसत्त्वावर तुटून पडतात.

१९४७ साली कमलाबाईंचा विवाह झाला. पती श्री. सोहोनी हे विमा व्यवसायातील गणितज्ञ होते. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. तेथील त्यांच्या कामापैकी दोनच गोष्टी आम्ही सांगतो, कारण त्या आपल्या ताटातील आहेत. पहिली वालाची. कोकणपट्टीपासून गुजरातपर्यंत वालाचे कौतुक आहे, आणि कच्चे वाल पचत नाहीत हेही सर्वांस ठाऊक आहे. प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवून धरणारे द्रव्य वालात असते. १९५५ साली कमलाबाईंनी आपल्या एका सहकाऱ्यासह हे द्रव्य वालातून व डबलबीतून स्फटिकरूपात वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. शिजविण्याच्या उष्णतेने अशा द्रव्यांचा जोर बराचसा मोडतो. वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवून बिरडे करण्याची पद्धत केवळ चवीची नव्हे, हे त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट नीरेची. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताडाचा व खजुरीचा रस आपल्या दादरा-नगर हवेलीच्या पाड्यांवर कोणास अपरिचित नाही. पहाटे, चुना लावलेल्या मडक्यात उतरविलेला ताजा रस ही नीरा. ऊन चढले व तो आंबला की त्याची ताडी होते. एकाच झाडाचा हा रस सकाळी पोषक आणि दुपारी मादक! कमलाबाईंच्या प्रयोगशाळेला नीरेत ‘अ’ व ‘क’ जीवनसत्त्वे आणि लोह आढळले. त्याहूनही नवलाची गोष्ट अशी की, नीरा आटवून गूळ वा काकवी केली तरी त्यांचा पुष्कळसा अंश टिकतो. नीरेतील गंधकयुक्त द्रव्ये जीवनसत्त्वांना या नाशापासून वाचवितात, असे पुढील अभ्यासावरून दिसले. कुपोषित आदिवासी मुलांच्या व गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेची भर घालताच त्यांची प्रकृती लक्षणीय सुधारली. केंब्रिजच्या टेबलावर पेशीच्या अंतरंगात डोकावणारी ही विदुषी आता वारली, कोकणा, धोडिया यांच्यासारख्या समाजांतील मुलाच्या हाडामांसाचा विचार करीत होती. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क होता. तो त्यांना मिळाला, पण सुमारे चार वर्षे डावलले गेल्यानंतर. बंगलोरच्या दरवाजाचा अडसर सर्वत्र एकाच लाकडाचा होता, असे म्हणावयाचे!

१९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहकांच्या हितरक्षणासाठी भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्था स्थापन केली. कमलाबाई त्यांपैकी एक. अन्नातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे सांगणे त्यांना संशोधनाइतकेच महत्त्वाचे वाटे. १९८२-८३ मध्ये त्या या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांसाठी पुष्कळ लेखन केले. प्रबंध चाळीस पानांत आटोपणाऱ्या या विदुषीने सामान्य गृहिणीसाठी मात्र लेखणी कधी आखडती घेतली नाही.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्ली येथे त्यांचा सत्कार योजिला. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या बरेच पुढे गेले होते. त्या सत्कारसमारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले. त्या वेळी परिषदेच्या प्रमुखपदी डॉ. जी. व्ही. सत्यवती या एक स्त्रीच होत्या.